पिकअपचा चेंबर गार्ड घरी सुधारताना: एप्रिल ते ऑक्टोबर २०२५ च्या नोंदी

गाडी: डबल कॅब, फोर-बाय-फोर, डिझेल, लॅडर चेसिस. व्ही-क्रॉस, हायलक्स या वर्गातली. वापर: सिंधुदुर्गातले आंबा-काजूच्या बागांकडे जाणारे कच्चे रस्ते. खाली जांभ्याचा कातळ, पावसात तांबडी माती, मधूनच एखादा व्हाळ (ओढा).

गार्ड, म्हणजे चेंबरला (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याला) दगडांपासून वाचवणारी प्लेट: कंपनीचा पातळ पत्रा काढून बसवलेला, स्थानिक फॅब्रिकेटरकडून घेतलेला ४ मिमी एमएस (साधं लोखंड) प्लेटचा गार्ड. साधारण ७२० × ५६० मिमी, सहा बोल्ट. मजबूत आहे, पण ऑइल सोडायला वाट नाही, माती बाहेर पडायला वाट नाही आणि बोल्टांची डोकी दगडावर घासतात. चेसिसला नवं छिद्र पाडायचं नाही आणि वेल्डिंग मारायचं नाही, एवढं सुरुवातीलाच ठरवलं. जे काही कापायचं-जोडायचं ते गार्डवर.

खालची मापं या एका गाडीची आहेत. बोल्टांच्या जागा मॉडेलप्रमाणे बदलतात, तेव्हा आकडे उचलू नका, क्रम उचला.

२६ एप्रिल, शनिवार: काढणी

सहाही बोल्टांवर आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल मारून ठेवलं होतं. मागच्या चाकांना उटी, पुढे जॅक, मग दोन घोड्या (गाडी पेलणारे लोखंडी स्टँड). अंगण चिऱ्यांचं असल्यामुळे घोडीचा पाय सांध्यात रुततो. प्रत्येक घोडीखाली १८ मिमी प्लायचा तुकडा घातला. नुसत्या जॅकवर गाडीखाली जाऊ नये, हे लिहायची गरज पडू नये, तरी लिहितो.

गार्डखाली ट्रॉली जॅक आणि त्यावर फळी ठेवून वजन पेललं आणि मगच बोल्टांना हात लावला. चार बोल्ट १४ च्या बॉक्स पान्याने सुटले. उरलेले दोन सुटेनात. डोकी दगडाने इतकी घासली होती की षटकोन उरलाच नव्हता. पाईप पाना घसरला, छिन्नीने फिरवायचा प्रयत्नही फुकट गेला. यात पाऊण तास गेला.

शेवटी घासलेल्या डोक्यावर १२ चा नट ठेवून नटाच्या भोकातून वेल्डिंग भरलं. पाच मिनिटं थंड होऊ दिलं, पाना लावला आणि दोन्ही बोल्ट सरळ फिरले. नट पकड देतो आणि वेल्डिंगच्या उष्णतेने आट्यांतला गंजही सुटतो, म्हणून हा उपाय चालतो. गाडीवर वेल्डिंग मारण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह केबल काढली आणि अर्थचा चिमटा त्या बोल्टाच्या अगदी शेजारी लावला. चिमटा लांब लावला की करंट बेअरिंग, सेन्सर, वायरिंग अशी कुठलीही वाट शोधतो. चेंबरभोवती तेलाचा थर असतो. तो आधी पुसून घेतला, ओलं गोणपाट आणि अग्निशामक हाताशी ठेवला.

वेळ: अडीच तास. अपेक्षा अर्ध्या तासाची होती.

२७ एप्रिल, रविवार: माती, वजन, मापं

गार्डच्या वरच्या बाजूला सुकलेली माती आणि काजूचा पाला: ३.६ किलो. स्वच्छ गार्ड १४.२ किलो. म्हणजे गाडी कायम साडेतीन किलो ओलावा धरणारा गाळ पोटाला बांधून फिरत होती. गंजही सगळा वरच्या बाजूने आहे. दगड लागतो ती खालची बाजू घासून चकचकीत झाली आहे, तिथे गंज जवळजवळ नाही. रंग कुठे नीट लागायला हवा, हे इथेच कळलं.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. गार्डच्या मध्यावर ७ मिमीचा पोचा आहे. पोचा ठोकण्याआधी गार्ड परत बसवून मातीच्या गोळ्याने अंतर मोजलं: चेंबर आणि गार्ड यांच्यामध्ये, पोच्याच्या जागी, फक्त ११ मिमी. एवढ्या अंतरात पुढचा मोठा दगड चेंबरपर्यंत पोचतो. गार्ड जाड असून पुरत नाही. तो वाकेल हे धरून त्याला वाकायला जागा ठेवावी लागते. निदान २५ मिमी हवं असं ठरवलं.

(मातीच्या गोळ्याने मोजणं सोपं आहे. गार्ड बसवण्याआधी चेंबरच्या तळाला मळलेल्या मातीचा गोळा चिकटवायचा, गार्ड पूर्ण आवळायचा, परत काढायचा. गोळा चपटा होऊन जी जाडी उरते तेच अंतर.)

ॲल्युमिनियमचा नवा गार्ड करावा का, यावर विचार केला. ६ मिमीचा केला तरी वजन निम्म्यावर येतं. पण जांभा खरखरीत आहे, ॲल्युमिनियम त्यावर घसरण्याऐवजी ओरबाडलं जातं, आणि साध्या रॉडच्या मशीनवर घरी ते जोडता येत नाही. लोखंडच ठेवलं.

पोचा फणसाच्या ओंडक्यावर उलटा ठेवून घणाने काढला. पूर्ण सपाट होत नाही, थोडा उंचवटा राहिलाच. तरीही नुसत्या एवढ्याने अंतर १८ मिमीपर्यंत येईल असा हिशोब आहे.

१ मे, गुरुवार: चुकीच्या जागी पाडलेलं भोक

या कामातली सगळ्यात मोठी चूक आजची.

ऑइल बदलायचंच होतं, म्हणून आधी भोक पाडायचं आणि त्यातूनच ऑइल सोडून बघायचं ठरवलं. चेंबरच्या ऑइल सोडायच्या नटाला खडूची भुकटी लावली, गार्ड जॅकवर उचलून जागेवर टेकवला, खाली पडलेल्या भुकटीची खूण मिळाली, त्यावर केंद्र धरून ७५ मिमी होल सॉने भोक पाडलं. होल सॉ हळू चालवला, कटिंग ऑइल दिलं, १५ मिनिटांत काम झालं. भोक नटाच्या बरोबर खाली आलं.

नट काढला आणि ऑइल भोकात पडलंच नाही. या गाडीचा नट चेंबरच्या तळाला नाही, बाजूला आहे, आडवा. चेंबर भरलेलं असताना गरम ऑइल आडव्या धारेने सुटतं आणि ७० मिमी खाली पोचेपर्यंत ११० मिमी पुढे गेलेलं असतं. पातळी उतरत जाते तशी धार मागे येत येत शेवटी नटाखाली टिपकते. पहिले तीन-चार लिटर गार्डवर पसरले आणि कडांवरून अंगणात उतरले. गार्ड परत काढणं, अंगण भुशाने टिपणं, गार्ड आणि क्रॉसमेंबर (चेसिसचा आडवा दांडा) रॉकेल व मग साबणाने धुणं: तीन तास. क्रॉसमेंबरवर ऑइल तसंच सोडू नका. सायलेन्सरच्या पाईपजवळ ते दिवसेंदिवस धुमसतं.

करायला हवं होतं ते असं: गार्ड काढलेला असतानाच ऑइल सोडायचं. नटाखाली गार्डच्या उंचीवर जुना पुठ्ठा आडवा धरायचा आणि धार सुरुवातीला कुठे पडते, शेवटी कुठे पडते, या दोन खुणा करायच्या. भोक या दोन खुणांमधलं अंतर झाकणारं हवं. एका पुठ्ठ्याचं काम होतं.

३ मे, शनिवार: भोकाचं दार

भोक वाढवून ११० × २०० मिमीचा आयत केला, लांब बाजू धारेच्या दिशेने. चारही कोपऱ्यांत आधी १२ मिमीचं ड्रिल आणि मग त्या भोकांना जोडत १ मिमीच्या कटिंग व्हीलने सरळ काप. कोपरा टोकदार राहिला तर हादऱ्यांनी चीर तिथूनच सुरू होते. ४ इंची ग्राइंडरची तीन व्हील संपली.

एरवी कापलेला तुकडाच झाकण म्हणून वापरता आला असता. व्हीलच्या जाडीएवढी फट आपोआप मिळते. पण त्या तुकड्याला गुरुवारचं ७५ मिमीचं भोक होतं. नवा ४ मिमीचा तुकडा कापावा लागला, कानशीने चारही बाजू जुळवाव्या लागल्या. दीड तास आणखी.

रचना अशी. गार्डच्या वरच्या बाजूने भोकाभोवती ३० × ४ मिमी पट्टीची चौकट. तिची १८ मिमी रुंदी गार्डवर जोडलेली आणि १२ मिमी भोकाच्या आत ओठासारखी. झाकण खालून येऊन या ओठावर टेकतं आणि गार्डच्या खालच्या पातळीशी सपाट बसतं. नुसतं खालून पट्टी मारून बंद केलेलं झाकण पहिल्याच दगडाला अडकतं. आत उरलेली मोकळी जागा ८६ × १७६ मिमी, धारेला पुरते. चौकटीने भोकामुळे गेलेली ताकदही बऱ्यापैकी भरून येते.

झाकणाला काउंटरसंक ॲलन बोल्ट, म्हणजे डोकं प्लेटमध्ये सपाट बसणारे आणि डोक्यात षटकोनी खाच असलेले. दुकानातून ८ मिमीचे आणले होते, ते चुकलं. आठच्या काउंटरसंक डोक्याची उंची साडेचार मिमीच्या आसपास असते. ४ मिमीच्या प्लेटमध्ये खाच पाडत गेलं की भोक आरपार मोठं होतं आणि डोकं प्लेटवर न बसता वरच्या ओठावर टेकतं. आवळल्यासारखं वाटतं, पण झाकण हलतं. ६ मिमीच्या बोल्टाचं डोकं सव्वातीन मिमीचं, ते बरोबर मावतं. सहा बोल्ट, ६ × २०, चौकटीच्या वर वेल्ड केलेले नट. नट वेल्ड करताना त्यात एक जुना बोल्ट तेल लावून फिरवून ठेवा, नाहीतर ठिणग्या आट्यांत चिकटतात.

४ मे, रविवार: वाकलेली प्लेट

चौकटीचं वेल्डिंग. २०० अँपिअरचं इन्व्हर्टर मशीन, १२ नंबरचा म्हणजे अडीच मिमीचा ६०१३ रॉड, ८० ते ८५ अँपिअर. सकाळी आठला सुरू केलं, कारण संध्याकाळी आमच्याकडे व्होल्टेज पडतं आणि आर्क धरत नाही. एक्स्टेन्शनची वायर जाड घ्या, ४ चौरस मिमी. घरातल्या पातळ वायरवर मशीनचा आकडा काही दाखवो, रॉड चिकटत राहतो.

चूक: चौकटीची बाहेरची कड एका दमात, सलग भरली. थंड झाल्यावर गार्डवर सरळ पट्टी ठेवली तर मध्ये ७ मिमीची पोकळी. वेल्डिंगचा टाका थंड होताना आवळतो. सगळे टाके वरच्या बाजूला, म्हणून वरची बाजू आखडली आणि चारही कडा उचलल्या गेल्या. पोट खाली गेलं, चेंबरपासून अंतर वाढलंच की, असं वाटू शकतं. पण अशी प्लेट बोल्टांनी ओढून सपाट केली की ती कायम ताणात राहते, बोल्ट तिरके शिरतात आणि इंजिन एका ठरावीक आरपीएमवर आलं की ती घंटेसारखी वाजते.

दुरुस्ती: सलग भरलेल्या टाक्यांपैकी निम्मे ग्राइंडरने काढून २५ मिमी टाका, ५० मिमी मोकळं असं तुटक केलं. उरलेले टाके गोल तोंडाच्या हातोडीने ठोकले. ठोकल्याने टाका पसरतो आणि आवळलेला ताण थोडा सुटतो. मग गार्ड उलट दिशेने, मध्ये लाकडाची चीप घालून, दोन जाड अँगलवर शिकंज्यांनी बांधला आणि त्याच अवस्थेत लांबीच्या दोन पट्ट्या उभ्या जोडल्या: २० × ५ मिमी, प्रत्येकी ५०० मिमी, चेंबरच्या दोन्ही अंगांना. चेंबरच्या खाली उभी पट्टी घालू नका, मुद्दाम मिळवलेलं अंतर तीच खाते. टाके आळीपाळीने: एक डावीकडे पुढे, पुढचा उजवीकडे मागे, मध्ये हात लावता येईल इतकं थंड होऊ देत.

शिकंजे सोडल्यावर पोकळी २ मिमी राहिली. ती चालेल. चार तास गेले, त्यातले अडीच फक्त दुरुस्तीचे.

१० मे, शनिवार: बुश, आणि आट्यांची गफलत

अंतर वाढवायला गार्ड आणि क्रॉसमेंबर यांच्यामध्ये घालायचे सहा बुश (भोक असलेल्या जाड चकत्या): २५ मिमी गोल सळईचे, साडेदहाचं भोक, १० मिमी जाडी. कोल्हापूरला उद्यमनगरात लेथवर करून घेतले, ६० रुपये नग. वायसरांची चळत घालून उंची वाढवता येते, पण ती हलते आणि एक वायसर तिरका झाला की बोल्ट वाकतो. लेथचा बुश स्वस्तच पडतो.

बुश आले म्हणून बोल्ट लांब हवेत: ३० ऐवजी ४० मिमी. हार्डवेअरच्या दुकानात ‘दहाचा चाळीस’ मागितला, मिळाला. पहिला बोल्ट बोटांनी दोन आटे गेला आणि जड झाला. रंग-माती असेल म्हणून रॅचेट लावला. हे करायला नको होतं. गाडीच्या क्रॉसमेंबरमधल्या नटाचे आटे १.२५ पिचचे (दोन आट्यांमधलं अंतर, मिमीमध्ये), बारीक. दुकानात सर्रास मिळणारा दहाचा बोल्ट १.५ पिचचा, जाड आट्यांचा. दोन्ही दिसायला सारखे. जपानी बनावटीच्या गाड्यांत दहाचा बोल्ट बहुधा १.२५ चाच असतो. तो नट क्रॉसमेंबरच्या आत वेल्ड केलेला आहे, आटे गेले तर बदलायला आतून हात जात नाही.

नशीब की एकाच नटाचे पहिले तीन आटे चेपले. १० × १.२५ चा टॅप (आटे पाडायचं हत्यार) ४२० रुपयांना आणला, भरपूर तेल देऊन अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे करत आटे साफ केले. जुना बोल्ट आता शेवटपर्यंत बोटांनी जातो.

नियम: नवीन बोल्ट आधी जुन्या बोल्टाला चिकटवून उजेडात धरा. आटे एकमेकांत बसले तरच पिच एक. आणि गाडीत बोटांनी पाच आटे गेल्याशिवाय पाना उचलायचा नाही.

बारीक आट्यांचे ८.८ ग्रेडचे बोल्ट गाड्यांच्या स्पेअर्सच्या दुकानात मिळाले, ४५ रुपये नग. स्टेनलेस घेऊ नका. दुकानात मिळणारं साधं स्टेनलेस ८.८ पेक्षा कमी ताकदीचं असतं, आणि आटे एकमेकांत चिकटून बसतात.

११ मे, रविवार: डोक्यांना कडी, मातीला भोकं

पुढच्या चार बोल्टांच्या डोक्यांभोवती, गार्डच्या खालच्या अंगाला, पाईपच्या कड्या वेल्ड केल्या: आतून ३४ मिमी, कारण १४ चा बॉक्स पाना आत फिरला पाहिजे, उंची १२ मिमी. पुढच्या बाजूला पाचर लावून उतार दिला, म्हणजे दगड कडीवर धडकत नाही, वर चढून सरकतो. मागच्या बाजूला ६ मिमीची खाच ठेवली, माती स्क्रू-ड्रायव्हरने उकरायला. मागच्या दोन बोल्टांना गरज नाही, ते वळलेल्या कडेच्या आड आहेत.

माती पडायला १२ मिमीची २४ भोकं, मागच्या अर्ध्यात ओळीने. (हे पुरलं नाही, २२ जूनची नोंद बघा.)

१८ मे, रविवार: कच्ची जुळणी

रंगाआधी एकदा पूर्ण बसवून पाहिलं. मातीचा गोळा: २७ मिमी. हवं ते मिळालं. जमिनीपासून गार्डचं अंतर १० मिमीने कमी झालं, हा सौदा मान्य आहे.

एक फायदा न मागता मिळाला. पूर्वी गार्डच्या मागची कड वर आणि गिअरबॉक्सखालच्या कंपनीच्या पत्र्याची पुढची कड तिच्यापेक्षा खाली होती. गाडी पुढे जाताना तो पत्रा फावड्यासारखा माती ओढून घ्यायचा. गार्ड खाली आल्यावर आता कौलांसारखं झालं: पुढच्या प्लेटची मागची कड मागच्या प्लेटच्या खाली. एकापेक्षा जास्त प्लेट असतील तर हा क्रम आवर्जून तपासा.

इंजिन चालू केल्यावर रिकाम्या गिअरमध्ये १,८०० आरपीएमच्या आसपास खडखड. उजवी कड क्रॉसमेंबरच्या वेल्डिंगला टेकत होती, चुरा दिसत होता. कड ४ मिमी घासली. शिवाय सगळ्या बुशांवर कन्व्हेयर पट्ट्याच्या रबराचे वायसर घातले. आवाज गेला.

२१ मे, बुधवार: रंग

यंदा पाऊस जूनची वाट बघणार नाही अशी चिन्हं होती. वळिवाने आठवडाभर हवा ओली आहे. घाईत पडवीत इपॉक्सी प्रायमर मारला. अर्ध्या तासात पृष्ठभागावर पांढरट धुकं आलं. थिनर उडताना पत्रा थंड होतो आणि हवेतलं पाणी त्यावर बसतं. वाळवून, १८० च्या पॉलिश पेपरने घासून पुन्हा करावं लागलं. दुसऱ्यांदा खोलीत, शेजारी हॅलोजन लावून, पत्रा हाताला कोमट लागेपर्यंत तापवून प्रायमरचे दोन हात. मग पीयू (पॉलियुरेथेन) काळा रंग, दोन हात. वरच्या बाजूला जास्त लक्ष दिलं. खालचा रंग दगड खाणारच.

वेल्डिंगची राख टाक्यांवरून तारेच्या ब्रशने पूर्ण काढा, नाहीतर रंग राखेसकट पापुद्र्याने सुटतो. आणि वापरलेलं इंजिन ऑइल गाडीच्या पोटाला फासायची पद्धत आहे, ती सोडा. माती त्याला जास्त चिकटते आणि सस्पेन्शनचे रबरी बुश फुगतात.

२५ मे, रविवार: बसवला

पाऊस उतरलाच. पडवीत घोड्यांवर गाडी घेऊन बसवला. सगळे बोल्ट आधी बोटांनी, मग तिरप्या क्रमाने ४५ न्यूटन-मीटर. झाकणाच्या ॲलन खाचांमध्ये सिलिकॉन भरलं, म्हणजे माती आत घट्ट बसत नाही आणि पुढे टोच्याने उकरून काढता येतं. गार्डचं वजन आता १५.८ किलो.

खर्च: पट्टी आणि प्लेट ३४०, बुश ३६०, बोल्ट (चुकीचा संच धरून) ४५०, काउंटरसंक व नट १२०, टॅप ४२०, रॉड २६०, कटिंग व्हील व फ्लॅप डिस्क ४८०, रंग-थिनर १,२४०. एकूण ३,६७० रुपये. ३१ तास लागले, त्यांतले ११ चुका निस्तरण्यात.

१ जून, रविवार: सैल बोल्ट

२८० किमीनंतर पाना लावला. सहापैकी दोन बोल्ट बोटांनी फिरले. कारण रबर. बोल्ट ताणला जाऊन पकड धरतो. त्याच्या वाटेत रबर असलं की ते दबत जातं, ताण उतरतो आणि हादऱ्यांनी बोल्ट फिरतो. स्प्रिंग वायसर घालूनही हे थांबत नाही.

सगळे रबरी वायसर काढून टाकले. बोल्ट, गार्ड, बुश, क्रॉसमेंबर: लोखंडावर लोखंड. रबराचे दोन तुकडे गार्डच्या वरच्या कडेला, जिथे तो वाकल्यावर टेकू शकतो तिथे, रिव्हेटने लावले. ते एरवी कशालाच लागत नाहीत. आट्यांवर निळा लॉकटाइट २४३ (आटे धरून ठेवणारा द्रव). खडखड परत आली नाही. म्हणजे मुळात घासलेल्या ४ मिमीनेच काम झालं होतं, रबर फुकट घातलं होतं.

२२ जून, रविवार: तुंबलेली भोकं

महिनाभराच्या पावसात २४ पैकी १९ भोकं पूर्ण बंद. तांबडी माती आणि काजूचा पाला मिळून लगदा होतो, तो १२ मिमीच्या भोकात बुचासारखा बसतो. गार्डवर दीड किलो माती.

शिवाय भोकं चुकीच्या जागी होती. हे तपासायला गार्ड गाडीवर असताना, गाडी सपाट जागी ठेवून, वरून एक तांब्या पाणी ओतलं आणि टॉर्चने पाहिलं. पाणी मागच्या वळणाच्या अलीकडे, दोन्ही कोपऱ्यांत साचतं. भोकांची ओळ त्यापासून ६० मिमी पुढे होती. हा तांब्या ११ मे रोजीच ओतायला हवा होता.

आता ३० × १०० मिमीच्या चार खाचा: दोन त्या कोपऱ्यांत, दोन उभ्या पट्ट्यांच्या बाहेरच्या अंगाला. लांब बाजू गाडीच्या दिशेने, आडवी नाही; आडव्या खाचेच्या कडेत दगड अडकतो. टोकं गोल. कडा दोन्ही बाजूंनी फाइलने मारल्या. पंख्याच्या पट्ट्याखाली एकही खाच नाही. कापलेल्या कडांवर झिंकचा स्प्रे. गार्ड काढून, कापून, परत बसवून अडीच तास. कड्यांमुळे बोल्टांची डोकी शाबूत, म्हणून काढणी दहा मिनिटांत झाली.

३ ऑगस्ट, रविवार

खाचा मोकळ्या. गार्डवर दोन मुठी माती, पाण्याचा पाईप मारल्यावर ती खाचांतून खाली गेली. बोल्ट जागेवर आहेत, एकही फिरला नाही. व्हाळातून जाताना खाचांतून पाणी वर येतं का, ते पाहिलं: खालून उडालेलं पाणी चेंबरवर दिसतं, अल्टरनेटरवर नाही.

५ ऑक्टोबर, रविवार: दारातून ऑइल

झाकणाचे सहा बोल्ट, ४ ची ॲलन की. सिलिकॉन टोच्याने निघालं, पाच बोल्ट लगेच सुटले. सहाव्याच्या खाचेत सिलिकॉन कमी पडलं होतं, आत कातळाची कच बसली होती; ती खिळ्याने उकरायला दहा मिनिटं लागली. धार पूर्णपणे डब्यात. शेवटचं टिपकणं आतल्या ओठावर पडतं, तिथे आधीच फडकं ठेवा. गार्ड न काढता ऑइल बदलायला ३५ मिनिटं.

गार्ड मात्र नंतर तपासायला काढलाच. कड्यांच्या पाचरी दीड-दोन मिमी झिजल्या आहेत, आतले बोल्ट नव्यासारखे. एक नवा ओरखडा जवळजवळ पूर्ण लांबीचा, पण मध्यावर पोचा नाही. गोळा अजून २६ मिमी दाखवतो.

दोष एक सापडला. चौकट आणि गार्ड यांच्यामध्ये, तुटक टाक्यांच्या मधल्या मोकळ्या जागांतून गंजाचं पाणी ओघळलं आहे. वाकणं टाळायला टाके तुटक ठेवले, पण त्या फटींत रंग पोचत नाही आणि पाणी पोचतं. रंगाआधी तिथे सीम सीलर भरायला हवा होता. आता तारेच्या ब्रशने साफ करून, गंज-रूपांतरक लावून, एक दिवस वाळवून पीयू सीलर भरला आहे. उभ्या पट्ट्यांच्या बुडालाही भरला. झाकण बसवताना सहाही खाचा सिलिकॉनने काठोकाठ भरल्या.